कर्टची डावी बाजू

व्हर्ना हेनिग चेंडूकडे कधी बघत नसे. चेंडूकडे काय, कुत्रीसुद्धा बघतात, असं ती म्हणायची.

मेलबर्नपासून लांब, गव्हाच्या मुलखातल्या वेरिंगुक गावी शनिवारी दुपारी मैदानाभोवती गाड्या कुंपणाला नाक लावून उभ्या राहायच्या. व्हर्नाची जुनी पांढरी गाडी मात्र गव्हाच्या कोठारांकडच्या गोलच्या खांबांमागे, ठरलेल्या जागीच. एकदा बँकेच्या नव्या माणसाने तिथे गाडी लावली होती. व्हर्नाने हाताने काच ठोठावली आणि म्हणाली, "बाळा, इथे मेलेल्या माणसाची जागा आहे. तू अजून तेवढा मेलेला दिसत नाहीस." त्याने गाडी काढली.

मेलेला माणूस म्हणजे तिचा नवरा, लेस. लेस सबंध तारुण्यभर त्या खांबांसमोर उभा राहिला होता, संघाचा शेवटचा उंच राखणदार म्हणून. इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू लांबट, पायाने मारतात आणि हातांनी धरतातही. आता तिथे त्याचा मुलगा कर्ट उभा राहायचा. कर्टच्या पुढे, मैदानाच्या मधल्या अंगाला, व्हर्नाचा जावई जॅरड. आणि दोघांच्या मागेपुढे पबवाला थिओ. तिघं असे उंच की रांगेत उभे राहिले तर लोक म्हणायचे, यांच्यावर तार ओढा, वीज येईल गावात.

पण उंच राखणदाराची अक्कल उंचीत नसते, शेजाऱ्यात असते. हे लेसचं म्हणणं. चेंडू आभाळातून यायला लागला, की एकाने समोरच्याच्या अंगाला अंग भिडवून त्याला जागचं हलू द्यायचं नाही. त्याने चेंडूकडे बघायचंसुद्धा नाही. दुसऱ्याने आपला माणूस सोडून धावत यायचं आणि वरून मूठ हाणून चेंडू उडवायचा, नाहीतर दोन्ही हातांनी धरायचा. आणि दुसऱ्याने जो माणूस मोकळा सोडला, त्याच्यावर तिसऱ्याने डोळा ठेवायचा. तिघांचं मिळून एक अंग. लेस सांगायचा, "आपला माणूस सोडायचा तर चेंडू पायावरून सुटतानाच सोडायचा. तेव्हा नाही सोडला तर मग सोडायचाच नाही. उशिरा येणारा सोबती शत्रूपेक्षा वाईट. शत्रू निदान शत्रूसारखा तरी येतो."

असं शहाणपण सांगणारा लेस साठी उलटते न उलटते तोच व्हर्नाला विचारायला लागला, "बाई, माझी बायको कुठे गेलीय, तुम्ही पाहिलंत का?" गाव म्हणालं, वय झालं. व्हर्नाला वय कळत होतं. तिचंही तेवढंच होतं. जन्मभर डोक्यावर घेतलेले गुडघे आणि कोपरं कुठेतरी जमा होणारच. त्याला अंघोळ घालताना, भरवताना, मेंढ्यांच्या आवारातून शोधून आणताना तिला आठवायचं, की हीच आपण कुंपणावरून ओरडायचो, झोकांड्या खात बाहेर जाणाऱ्या पोरांना हिणवायचो: "अरे, डोक्यालाच लागलंय ना? ते तसंही तू वापरत नाहीस." लोक हसायचे. लेसही हसायचा.

लेसला पुरल्यावर तिने ते ओरडणं बंद केलं. बाकी जीभ होती तशीच राहिली.

दर गुरुवारी सराव झाला की संघ क्लबाच्या खोलीत जेवायचा आणि ताटं व्हर्ना वाढायची. भाजलेलं मटण, बटाटे, भोपळा, वर दाट रस्सा. कोण किती खातो, कोण काय टाकतो, कुणाचं बायकोशी वाजलंय, कोण पुढच्या हंगामात दुसऱ्या क्लबात जाणार, हे सगळं तिला ताटावरून कळायचं. हिवाळा संपत आला होता तेव्हा तिच्या लक्षात आलं, की कर्टच्या ताटात डावीकडचे बटाटे राहतात. एका गुरुवारी राहिले. दुसऱ्या गुरुवारी राहिले. घरीही तेच. कर्ट आणि ती, दोघंच राहत होती शेतावर. कर्टची बायको केव्हाच शहरात निघून गेली होती. चहाचा कप डावीकडे ठेवला की हमखास लवंडायचा. परवा आवाराचं फाटक त्याने गाडीच्या डाव्या बाजूने घासून आत वाकवलं आणि म्हणाला, वाऱ्याने लोटलं.

"बटाटे राहिलेत," ती म्हणाली. घरीच, दुपारचं जेवण होतं.

"कुठे?"

व्हर्ना उठली. तिने ताट अर्धं फिरवलं आणि परत बसली. कर्टने समोर आलेले बटाटे खाल्ले. तिसऱ्या बटाट्याला त्याचा काटा थांबला.

"कधीपासून?" व्हर्नाने विचारलं.

"काय कधीपासून?"

"कर्ट, तुझं ढुंगण मी धुतलंय. मला 'काय' विचारू नकोस."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "टारनीवाल्यांशी पहिला सामना झाला ना, तेव्हापासून. त्यांच्या त्या बैलाचं कोपर लागलं. पडलोसुद्धा नव्हतो. दुसऱ्या दिवशी उठलो तर डावीकडे... अंधार नाही. काहीच नाही. जसं डोक्याच्या मागे काही नसतं ना आपल्याला, तसं."

"डॉक्टर?"

"कुठला डॉक्टर? आठवड्याला एक येतो, तोही दर खेपेला नवा. हे अंतिम सामने होऊ देत, आई. मग तू म्हणशील तिथे येतो. जाईल आपोआप."

"तुझा बापही गेला आपोआप."

कर्टने खुर्ची सरकवली आणि बाहेर गेला. दाराच्या डाव्या चौकटीला त्याचा खांदा लागला. दोघांनीही तो आवाज न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या गुरुवारी तिने संघाला शिकवणाऱ्या डेनिसला बाजूला घेतलं. पण पुरतं बोलली नाही. "कर्टला एकदा तपासून घे," एवढंच म्हणाली. डेनिसने कोलला हाक मारली. कोल संघाची पट्ट्या-मलमाची पेटी सांभाळायचा. डोक्याला लागलेल्या पोराला तो पाच शब्द सांगायचा आणि थोड्या वेळाने परत विचारायचा; आठवले तर पोरगा बरा. भानगड एवढीच, की कोल वर्षानुवर्षं तेच पाच शब्द सांगत आला होता. लिंबू, घोडा, शिडी, पाऊस, चर्च. शाळेच्या बसमधली पोरंसुद्धा गाण्यासारखे म्हणायची.

"लिंबू, घोडा, शिडी, पाऊस, चर्च," कर्ट म्हणाला. "आणि तुझी बायको, कोल."

खोली हसली. कोल म्हणाला, "एकदम ठणठणीत आहे, व्हर्ना. तुझ्यासारखाच वाह्यात आहे."

एका वाक्याचं काम होतं. याला डावीकडचं दिसत नाही, एवढंच. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण खोलीत सगळा संघ बसला होता, टेबलं लावलेली होती, भिंतीवर लेसचा फोटो होता, आणि समोर कोल. या कोलच्या बापाला लेसने मैदानातून कितीदा हात धरून बाहेर आणलं होतं. हेनिगांचा पोरगा अर्धा आंधळा झाला हे त्या कोलच्या तोंडासमोर बोलायचं? तिने पळी उचलली. "रस्सा हवाय का कुणाला, का तोंडंच बघत बसणार आहात?"

शनिवारी ती गाडीत बसून राहिली आणि फक्त त्या तिघांकडे बघत राहिली. आणि मग तिला ते दिसलं.

कर्ट कधीच डावीकडे वळत नव्हता. त्याला वळावंच लागत नव्हतं. चेंडू कुठूनही येवो, जॅरड त्याच्या डाव्या खांद्याशी आलेला असायचा. एरवी हे तिघं एकमेकांना ओरडून सांगायचे, माझा, सोड, धरलाय. पण डाव्या बाजूबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, कारण ओरडलं की डेनिसला कळलं असतं. ती बाजू न बोलता जॅरडची होती. जॅरडने सोडलेला माणूस न बोलता थिओचा होता. कर्ट दोन्ही हात वर करून निर्धास्त उडी मारत होता, जसा माणूस स्वतःच्या घरात अंधारात चालतो. आणि चेंडू त्याच्या हातात येऊन बसत होता. समोरच्यांना अर्ध्या वेळेपर्यंत एकही गोल करता आला नाही. गाड्यांचे भोंगे वाजत होते. कुंपणाशी पिंपात माली झुडपांची वाळकी खोडं पेटवून उभे असलेले म्हातारे म्हणत होते, लेसचं पोरगं यंदा काय खेळतंय.

व्हर्नाने जन्मात एवढी सुंदर राखण पाहिली नव्हती. मुलाला मारायला निघालेले हे दोघं त्याच्यावर जीव टाकणारेच होते, आणि जितकं चांगलं खेळत होते तितका तो लवकर मरणार होता. एक दिवस कोपर उजवीकडूनही लागेल. किंवा लागणारच नाही, नुसतं साचत जाईल, आणि मग हाही तिला विचारेल, बाई, तुम्ही कोण.

ती सोमवारी लेकीकडे गेली. लेक, हायडी, मुलांना घेऊन गावात गेली होती. जॅरड मेंढ्यांच्या आवारात कोकरांच्या शेपट्यांना, त्या गळून पडाव्यात म्हणून, रबराच्या कड्या चढवत होता. मुलांचं ऐकून तोही व्हर्नाला नॅन, म्हणजे आजी, म्हणायचा.

"नॅन, पायात बूट कसले घातलेस? इथे शेणात फसशील."

"तुझ्याहून खोल नाही फसणार. कर्टच्या डावीकडे तू कधीपासून उभा आहेस?"

जॅरडने हातातलं कोकरू सोडलं. ते आईला शोधत पळालं. त्याने दोन्ही हात विजारीला पुसले, मग परत पुसले.

"त्याने शब्द घेतलाय माझ्याकडून."

"त्याचा बाप असता तर त्यानेही घेतला असता. म्हणून तो आज नाही."

"मग डेनिसला सांग ना."

"सांगितलं. कोलने पाच शब्द विचारले."

जॅरडला हसू आलं. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू परत गेलं. "मी त्याला म्हटलं होतं, नॅन. डॉक्टरकडे चल म्हटलं. तो म्हणाला, तू नाही धरलीस बाजू तरी मी खेळणारच. मग न धरून कसं चालेल? उघडा कसा सोडू त्याला?"

"उघडाच सोड. मी तेच सांगायला आलेय. शनिवारी तू तुझ्या माणसाला धरून राहा, बस्स. त्याच्या डावीकडून दोन-तीन चेंडू टारनीवाले धरतील, गोल होतील. डेनिस बघतोय ना, आंधळा तो नाही. कर्टला बाकावर बसवेल. लोक म्हणतील, म्हातारा झाला हेनिग, पाय चालत नाहीत. म्हणू देत. लाजेने कुणी मरत नाही."

"उपान्त्य सामना आहे, नॅन. हरू आपण."

"हरा."

जॅरडने कुंपणावर हात टेकला. तिच्या तोंडून हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. गावात कुणीच ऐकला नव्हता.

"त्याला निदान सांगू तरी का? की मी नसेन म्हणून?"

"सांगितलंस की तो थिओला उभा करेल डावीकडे. मग तुम्ही तिघं मिळून त्याला खड्ड्यापर्यंत पोचवाल. नाही सांगायचं."

"पण चेंडू सुटला की माझे पाय आपोआप जातात. ते मी ठरवत नाही."

"मग पायांना सांग, व्हर्नाने सांगितलंय म्हणून. गावात बाकी सगळे ऐकतात."

तो मान हलवून हो म्हणाला. व्हर्ना गाडीत बसली तेव्हा तिला बरं वाटत होतं. खेळ आपल्याला कळतो, या पुरुषांपेक्षा जास्त कळतो, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. खेळानेच पोराला बाहेर काढायचं. ना आरडाओरडा, ना कोलसमोर मान खाली.

शनिवारी वारा पश्चिमेचा होता, कोरडा, तोंडात माती आणणारा. टारनीवाले तीन बसगाड्या भरून आले होते. त्यांच्या गाड्या समोरच्या अंगाला लागल्या. सुरुवातीलाच वेरिंगुकचे राखणदार कोठारांकडच्या खांबांसमोर आले, म्हणजे व्हर्नाच्या डोळ्यांपुढेच.

पहिला चेंडू डावीकडून आला. जॅरड आपल्या माणसाच्या अंगाला चिकटून उभा राहिला. कर्टने हात वर केले, आणि टारनीचा तो बैल, तोच कोपरवाला, डावीकडून येऊन त्याच्या नाकापुढून चेंडू घेऊन गेला. गोल. समोरच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. कर्टने पूर्ण मान फिरवून जॅरडला शोधलं. जॅरड बुटाची नाडी बांधत होता.

"असंच," व्हर्ना काचेला म्हणाली.

दुसऱ्या चेंडूला तेच झालं. परत भोंगे. आता आपल्या बाजूची माणसं कुरकुरायला लागली. पिंपाशी उभा एक म्हातारा म्हणाला, "हेनिग झोपलाय की काय?" व्हर्नाने काच खाली करून त्याला काहीतरी ऐकवलं असतं, पण आज ते तिला गोड लागलं. पलीकडे डेनिस हात हलवून बाकावरच्या पोराला उठवत होता. निरोप घेऊन धावणारा मुलगा सीमारेषेवर येऊन उभा राहिला. कर्टला बाहेर बोलावण्याचा निरोप असणार. चेंडू जरा थांबला की तो आत जाणार होता.

चेंडू थांबला नाही.

टारनीच्या कुणीतरी घाईने तो उंच मारला. वाऱ्याने तो धरून ठेवला, पुढेही येऊ देईना आणि खालीही. असा चेंडू राखणदाराचा. थिओने समोरच्याला अंग भिडवून रोखलं, ओरडून सांगितलं, "धरलाय." कर्टने चेंडूखाली दोन पावलं मागे घेतली आणि उडी मारली. दोन्ही हात वर, सगळी छाती उघडी, डोकं उघडं. तिसऱ्या वेळीही. दोनदा फसूनसुद्धा. व्हर्नाला तेव्हा कळलं, आणि कळायला फार उशीर झाला होता: जॅरड नसेल हे तिने कर्टला सांगू दिलं नव्हतं, आणि जॅरड नाही असं कर्टच्या मनात येणंच शक्य नव्हतं. जॅरड दोनदा चुकला, म्हणजे आता तिसऱ्यांदा तर असणारच. कर्ट हरायला बसलेला माणूस नव्हता. तो शेजाऱ्यावर भरवसा ठेवून उडालेला माणूस होता.

डावीकडून टारनीचा बैल धावत निघाला होता.

व्हर्नाने जॅरडच्या पायांकडे पाहिलं. ते थांबले होते. तिने सांगितलं होतं म्हणून थांबले होते. तिने दोन्ही हातांनी भोंगा दाबला. जा असं सांगायला दाबला की नको असं सांगायला, ते तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही. आणि मग ते पाय सुटले. आपला माणूस सोडून, सगळ्या अंगानिशी, चेंडू सुटल्यानंतर पुष्कळ वेळाने. तो बैलाच्या पुढे घुसला, मूठ उगारून उडाला. मूठ चेंडूला लागली नाही. त्याचा गुडघा कर्टच्या डाव्या कानशिलावर बसला.

कर्टने हात खाली आणला नाही, मान काढून घेतली नाही. येताना काही दिसलं असतं तर आणला असता.

चेंडू जमिनीवर पडला, उलटासुलटा उडत खांबांमधून गेला. समोरच्या अंगाच्या गाड्यांनी गोलाचे भोंगे वाजवायला सुरुवात केली. मग एक गाडी थांबली. मग दुसरी. एकेक करत सगळे भोंगे बंद पडले. कोण पडलंय हे सगळ्यात शेवटी ज्याच्या लक्षात आलं, त्याचा भोंगा एकटाच वाजत राहिला, आणि मग तोही थांबला.

जॅरड गुडघ्यांवर बसून कर्टचं डोकं धरू बघत होता. कोल म्हणत होता, हलवू नका, हलवू नका. मग काय करावं ते त्याला सुचलं नाही, तेव्हा त्याने पेटी उघडली आणि नुसता आत बघत राहिला.

हेलिकॉप्टर मैदानाच्या मध्यावर उतरलं. मेलबर्नला कवटी उघडली. कर्ट जगला.

गव्हाची कापणी होऊन गेली, नाताळ गेला, मग तो घरी आला. डावा हात आणि डावा पाय नावाला उरले होते. बोलायचा, पण एकच वाक्य अर्ध्यावर आणून सोडायचा, जसं मेंढरू फाटकापाशी अडतं. व्हर्ना त्याला अंघोळ घालायची. तिला सगळं येत होतं, सराव झालेला होता.

गाव जॅरडबद्दल बोलायचं. दोनदा गेला नाही आणि तिसऱ्यांदा उशिरा गेला. मुद्दाम नाही, नाही नाही, मुद्दाम कोण करेल. पण उशिरा गेला. किराण्याच्या दुकानात तो आला की बोलणं थांबायचं, आणि तो गेल्यावर परत सुरू व्हायचं. जॅरडने कुणालाही काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. हायडी आईला म्हणाली, "जेवत नाही गं तो. ताट तसंच परत येतं. मी विचारलं तर म्हणतो, भूक नाही. तुला काही बोलला का?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. तेवढं खरं होतं.

ती वाट बघत होती, की जॅरड एक दिवस फुटेल आणि सांगेल. सांगितलं असतं तर तिने हो म्हटलं असतं, लगेच म्हटलं असतं. पण तो सांगत नव्हता, आणि स्वतःहून सांगायला तिची जीभ, सगळ्या गावाला पुरून उरलेली जीभ, उचलत नव्हती.

मार्चमध्ये नवीन हंगामाचा पहिला सराव झाला. गुरुवारचं जेवण. हायडीने कर्टला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. पोरं येऊन त्याच्या उजव्या खांद्यावर थापट्या मारून जात होती. डावीकडून कुणी आलं तर त्याला कळत नव्हतं. जॅरड टोकाच्या टेबलावर बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

थिओ ताट घ्यायला आला. डेनिस त्याच्या मागेच होता.

"कर्टच्या जागी जॅरडला घेऊ म्हणतोय," डेनिस हळू आवाजात म्हणाला. "तू पुढे, त्याच्या जागी."

"दुसरा कुणी बघ," थिओ म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मी त्याच्या शेजारी उडी मारणार नाही. तो वाईट माणूस नाहीये, डेनिस. माझ्या पबात येऊन बसला तर बिअर देईन त्याला. पण हात वर करून उडी मारायची तर शेजारी येणार की नाही हे माहीत पाहिजे. ते मला त्याच्या बाबतीत माहीत नाही. तुम्हाला कुणाला आहे?"

डेनिस रश्श्याच्या भांड्यात बघायला लागला. म्हणजे त्यालाही नव्हतं.

व्हर्नाने पळी भांड्यात ठेवली. कमरेचा एप्रन सोडला, घडी घातली. काउंटरच्या मागून बाहेर आली आणि खोलीच्या मध्यावर, लेसच्या फोटोखाली उभी राहिली. ती बोलायला उभी राहिली की खोली हसायच्या तयारीत असायची. आजही दोघा-तिघांनी तोंडं तशी करून ठेवली.

"जॅरडला मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कर्टला डावीकडचं दिसत नव्हतं. मला ठाऊक होतं. सबंध हंगाम या दोघांनी त्याची बाजू धरली, तुम्हा कुणाला कळलंसुद्धा नाही. ती बाजू सोड म्हणून मी सांगितलं. कर्टला सांगू नकोस म्हणूनही मीच सांगितलं. मला वाटलं, गोल झाले की डेनिस त्याला बाहेर काढेल." तिला घोटभर पाणी हवं होतं, पण ते आणायला काउंटरपर्यंत जावं लागलं असतं. "तो उशिरा गेला नाही. माझ्यामुळे थांबला होता. बस्स, एवढंच."

हायडीने आईकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला. थिओ ताट हातात धरून उभा होता; रस्सा काठावरून खाली गळत होता. कोल जमिनीकडे बघत होता.

जॅरडने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर व्हर्नाला त्याचं काय करायचं ते माहीत होतं.

"उशीर केलास, नॅन," तो म्हणाला.

तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेला. हायडी त्याच्या मागे गेली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग गेल्याचा.

थिओने ताट टेबलावर ठेवलं. तो कुणाकडे न बघता कर्टच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. कर्टला कळलं नाही.

व्हर्ना परत काउंटरमागे आली. बटाटे गार होत होते आणि अजून अर्धा संघ जेवायचा होता. तिने कर्टचं ताट वाढलं, त्याच्या पुढे नेऊन ठेवलं आणि खुर्चीशी उभी राहिली. तो खात होता. उजवीकडचं सगळं संपलं, तसा त्याने काटा खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

तिने ताट फिरवलं.

"अजून आहे?" कर्ट म्हणाला. आज वाक्य पुरं झालं.

"आहे," ती म्हणाली. "खा."